शेतातल्या घराला सीसीटीव्ही बसवताय? मेगापिक्सेलच्या आधी या गोष्टी पाहा

रात्रीचे दोन वाजलेत. गावापासून दीड-दोन किलोमीटर आत, शेतातल्या वस्तीवर आई-वडील झोपलेत. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या मोबाईलवर सूचना येते, 'अंगणात हालचाल'. तो अ‍ॅप उघडतो. गोठ्याजवळ दोन माणसं दिसतात, पण चेहऱ्यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके. तो घरी फोन लावेपर्यंत लाईट जाते आणि कॅमेरा बंद पडतो. सकाळी विहिरीवरची मोटार आणि केबल गायब!

असा प्रसंग उद्या कुणाच्याही वस्तीवर घडू शकतो. आणि तो कॅमेरा स्वस्तातला होता म्हणून घडतो असंही नाही. तीन गोष्टी आधी ठरलेल्या नसतात. चेहरा किती अंतरावरून ओळखू येईल, वीज गेल्यावर कॅमेरा कशावर चालेल आणि सूचना आल्यावर तिथे धावून कोण जाईल. शेतातल्या घराला कॅमेरे बसवताना या तीन प्रश्नांपासूनच सुरुवात करायला हवी.

कॅमेरे किती आणि कुठे?

फ्लॅटला एकच दरवाजा असतो. वस्तीवरच्या घराला चारही दिशा मोकळ्या असतात. शिवाय गोठा, कांदाचाळ, ट्रॅक्टरची शेड, विहीर असं सगळं पसरलेलं. सगळीकडे कॅमेरे लावायचे म्हटलं तर दहाही पुरणार नाहीत.

म्हणून आधी कागदावर घराचा साधा नकाशा काढा आणि गाडी कुठून आत येऊ शकते ते पाहा. मोटार, शेळ्या किंवा कांद्याच्या गोण्या डोक्यावर घेऊन कुणी लांब जात नाही, कुठेतरी गाडी उभी करावीच लागते. त्यामुळे पहिला कॅमेरा घराकडे येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, दुसरा पडवीत मुख्य दरवाज्यासमोर, तिसरा गोठा आणि शेड दोन्ही दिसतील असा आणि चौथा घरामागच्या बाजूला. बहुतेक घरांना एवढं पुरतं. विहीर किंवा बोअर लांब असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो, तो पुढे पाहू.

चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो?

दुकानात गेलं की आधी मेगापिक्सेल सांगितले जातात, पण लेन्स किती मिलिमीटरची आहे हे विचारायला हवं. सीसीटीव्हीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. कुणीतरी आहे एवढंच कळायला २५ पिक्सेलही पुरतात.

आता हिशोब पाहा. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. घरगुती कॅमेऱ्यांत बऱ्याचदा २.८ मिलिमीटरची लेन्स येते आणि ती शंभर अंशांहून जास्त रुंद भाग दाखवते. अशा कॅमेऱ्यात माणूस आहे हे साधारण ३० मीटरवरून कळतं, पण अनोळखी चेहरा ओळखता येतो तो जेमतेम ३ मीटरपर्यंत. त्याच कॅमेऱ्याला ६ मिलिमीटरची लेन्स असेल तर दिसणारा भाग अरुंद होतो, पण चेहरा सुमारे ८ मीटरवरूनही ओळखता येतो. हे आकडे चांगल्या उजेडातले आहेत, अंधारात अंतर आणखी कमी होतं.

म्हणजे अंगणासाठी रुंद लेन्स ठीक आहे, पण फाटकासाठी किंवा वाटेच्या तोंडासाठी ४ किंवा ६ मिलिमीटरची लेन्स मागा. कॅमेरा अडीच ते तीन मीटर उंचीवर लावा. हात पोहोचू नये म्हणून तो थेट गच्चीच्या कठड्यावर चढवला तर चित्रात टोप्या आणि डोक्याचे केसच दिसतात.

एक चाचणी नक्की करा. बसवणाऱ्याला पूर्ण पैसे देण्याआधी, रात्री अंगणातले दिवे बंद करून घरातल्या एखाद्याला फाटकापासून दारापर्यंत चालायला सांगा. मग ते रेकॉर्डिंग अशा माणसाला दाखवा जो त्याला फारसा ओळखत नाही. त्याला फोटोवरून ओळख पटली नाही, तर कॅमेऱ्याची जागा किंवा लेन्स बदला.

रात्री चित्र पांढरं का होतं?

अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. जवळची भिंत, पन्हाळ किंवा पत्र्याची कड चौकटीत असेल तर तो प्रकाश तिथून परत येतो आणि बाकीचं चित्र काळं पडतं. माणूस फार जवळ आला तर चेहराही पांढरा फटक दिसतो.

शेतातला आणखी एक त्रास म्हणजे किडे आणि कोळी. कॅमेऱ्याच्या काचेसमोर कोळ्याचं जाळं झालं की रात्रभर पडदा टाकल्यासारखं दिसतं आणि 'हालचाल'च्या सूचना येत राहतात. पंधरा दिवसांतून एकदा मऊ फडक्याने काच पुसणं हाच त्यावर उपाय. शक्य असेल तर अंगणातला दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला लावा. किडे दिव्याकडे जातात आणि कॅमेऱ्याला उजेडही मिळतो.

कोणता प्रकार घ्यायचा?

घराच्या आसपास चार कॅमेरे लावायचे असतील तर तारेने जोडलेली पद्धत जास्त भरवशाची. त्यात दोन प्रकार येतात. डीव्हीआरच्या पद्धतीत कोअ‍ॅक्सिअल केबल वापरतात. ती स्वस्त पडते आणि लांबवर चालते. मात्र सोबतच्या बारीक तारेतून १२ व्होल्ट लांब नेले तर टोकाला व्होल्टेज कमी पडतं. मग रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद-चालू होत राहतो. दुसऱ्या, म्हणजे एनव्हीआरच्या पद्धतीत नेटवर्क केबलमधूनच वीजही जाते, याला पीओई म्हणतात. इथे एका केबलची मर्यादा १०० मीटर.

वायफाय कॅमेरा बसवायला सोपा, पण जाड दगडी भिंत किंवा पत्र्याची शेड मध्ये आली की सिग्नल तुटतो. आणि राउटरची वीज गेली तर मोबाईलवर काहीच दिसत नाही.

लांबच्या विहिरीसाठी सिमकार्डवर आणि सोलरवर चालणारा कॅमेरा सोयीचा. त्याचा स्वभाव मात्र समजून घ्या. बॅटरी वाचवण्यासाठी यातले बरेच कॅमेरे एरवी झोपलेले असतात. समोरून अंगाची ऊब असलेलं काही गेलं की सेन्सर त्यांना जागं करतो. हा सेन्सर साधारण आठ-दहा मीटरपर्यंतच नीट काम करतो. पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले, पॅनेलवर धूळ बसली किंवा झाडाची सावली पडली तर बॅटरी उतरते. त्यामुळे घराची सगळी मदार या एकाच प्रकारावर ठेवू नये.

वीज गेली तर?

शेतीपंपाची थ्री फेज वीज दिवसा किंवा रात्री पाळीपाळीने, ठरावीक तासच मिळते. घराची सिंगल फेजही वादळात किंवा ट्रान्सफॉर्मर जळाला की तासन् तास जाते. चोराला अंधार हवाच असतो. त्यामुळे कॅमेऱ्यांचं सगळं कनेक्शन इन्व्हर्टरवरच घ्या.

याला फार मोठा इन्व्हर्टर लागत नाही. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून साधारण ४० ते ५० वॉट लागतात. चांगल्या स्थितीतली १५० अँपिअर-अवरची बॅटरी दुसरा मोठा भार नसेल तर एवढं रात्रभर सहज चालवते. पंखे आणि टीव्हीही त्याच बॅटरीवर असतील तर मात्र हिशोब बदलतो.

वळवाच्या पावसात वीज कोसळते तेव्हा लांब तारांमधून झटका थेट रेकॉर्डरपर्यंत येतो. घरापासून गोठ्यापर्यंत हवेतून लोंबणारी केबल सगळ्यात धोक्याची. ती पाइपमधून जमिनीखालून न्या, सर्ज प्रोटेक्टर लावा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. पाइपमुळे उंदरांपासूनही केबल वाचते.

इंटरनेट आणि रेकॉर्डिंगचं काय?

एक कॅमेरा २ एमबीपीएस वेगाने दिवसभर रेकॉर्ड करत असेल तर साधारण २१ ते २२ जीबी जागा लागते. रोज दीड-दोन जीबी डेटा देणाऱ्या मोबाईल प्लॅनवर हे सगळं इंटरनेटवर पाठवणं अशक्य आहे. म्हणून रेकॉर्डिंग घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि मोबाईलवर फक्त सूचना आणि गरजेपुरतं थेट चित्र घ्या. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क याच वेगाने साधारण ११ दिवस पुरते. त्यानंतर जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग होत जातं.

रेकॉर्डर टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवू नका. चोर तोच उचलून नेतात. हवा खेळती राहील अशा बंद जागेत तो ठेवा आणि मुख्य कॅमेऱ्यात मेमरी कार्डही टाका, म्हणजे एक प्रत वेगळी राहील.

इंटरनेटला जोडता येणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची चाचणी एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाली आहे. खरेदी करताना पक्कं बिल घ्या आणि त्याबद्दल विचारा. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. बसवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये तुमच्या घराचं अ‍ॅप चालू राहिलं नाही ना, तेही पाहून घ्या.

शेजाऱ्याचं अंगण दिसत असेल तर?

स्वतःच्या घरावर कॅमेरा लावायला सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. पण तो शेजाऱ्याच्या अंगणावर, न्हाणीवर किंवा बायका कपडे धुतात त्या जागेवर रोखलेला नसावा. खासगी क्षणी असलेल्या स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करून ठेवण्याची सोय असते, ती वापरा.

एकाच वाड्यात भाऊबंद राहत असतील तर आणखी जपून. घराच्या राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग असल्याचं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आधी बोलून घेतलेलं बरं, नाहीतर चोर राहतो बाजूला आणि भावाभावांतच तक्रारी सुरू होतात.

चोरी झालीच तर फुटेजचं काय करायचं?

क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकून थांबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओची गुणवत्ता कमी होते. आणि संशयावरून कुणाचं नाव जोडलं गेलं तर भलताच माणूस अडचणीत येतो. मूळ रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर काढा, त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढण्याआधी पोलिसांना कळवा आणि रेकॉर्डर फॉरमॅट करू नका. रेकॉर्डरमधली तारीख-वेळ बरोबर आहे का, हे एरवीही महिन्यातून एकदा पाहावं.

डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र का लागतं, हे ठरवणारा एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात व्हिडिओ रेकॉर्डिंग हाच वादाचा मुद्दा होता. मूळ उपकरण न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. हे प्रमाणपत्र कसं द्यायचं ते तपास अधिकारी सांगतात. तुमच्याकडे मूळ रेकॉर्डिंग शाबूत असणं महत्त्वाचं.

सूचना आल्यावर कोण धावणार?

कॅमेरा चोराला धरत नाही, तो फक्त सांगतो. म्हणून कॅमेरे बसवतानाच चार-पाच नंबरांची यादी करा. त्यात सगळ्यात जवळच्या वस्तीवरचा माणूस पहिला, मग भावकीतलं कुणी, पोलीस पाटील आणि आपत्कालीन क्रमांक ११२. मुलगा पुण्यात असला तरी शेजारच्या मळ्यातल्या काकांना पाच मिनिटांत पोहोचता येतं. राज्यात अनेक गावांत 'ग्राम सुरक्षा यंत्रणा' आहे. तिच्या क्रमांकावर फोन केला की संदेश एकाच वेळी गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांच्या मोबाईलवर जातो. आपलं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा.

घरातल्या वयस्कर माणसांना एक गोष्ट निक्षून सांगा. रात्री कॅमेऱ्यात कुणी दिसलं तर एकट्याने दार उघडून बाहेर जायचं नाही. आतून अंगणातले दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा आणि फोन करायचा. जुन्नर-शिरूरसारख्या बिबट्याच्या भागात तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे गोठ्याजवळची हालचाल माणसाचीच असेल असं नाही. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं.

मोटार पुन्हा विकत घेता येते. वस्तीवर आई-वडील एकटे असतात तेव्हा कॅमेऱ्याचा खरा उपयोग त्यांना अंधारात बाहेर जावं लागू नये यासाठी आहे. म्हणून सगळं बसवून झालं की एकदा रंगीत तालीम करा. मेन स्विच बंद करा, फाटकापासून कुणाला तरी चालत यायला सांगा आणि यादीतला पहिला फोन लावा. चेहरा दिसला, कॅमेरा चालू राहिला आणि पलीकडून फोन उचलला गेला, तर घराला कॅमेरे नीट बसले असं समजा.