रोजच्या गाडीला छत कापडी हवं की पक्कं?

नानाखेडा (उज्जैन) : नानाखेडा बसस्टँडवर सकाळी उभं राहिलं की कळतं, इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी रोज इंदूरला जातं. आमच्या कॉलनीतल्या एका मराठी घरात तसंच आहे. मुलगा इंदूरला नोकरीला, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. बसला कंटाळला आणि घरी म्हणाला, गाडी घेतो. नाशिकला मामांच्या ओळखीत एक सेकंडहँड थार आहे, सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताची. वडिलांनी एकच विचारलं, "रोज तंबू घेऊन फिरणार का?" मग दोघं कागद घेऊन माझ्याकडे आले. मी बी.कॉम. आणि वर बातमीदार, म्हणजे ह्याला सगळं माहीत असणार, असा कॉलनीचा समज आहे. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं आणि नंतर जे तपासून घेतलं, ते इथं देतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. दोन दारांची, पक्क्या छताची, मागं उतरत गेलेली गाडी म्हणजे कूपे. तिचंच छत दुमडता किंवा काढता आलं की कन्व्हर्टिबल. परदेशात हा प्रश्न बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, मिनी अशा गाड्यांत पडतो. आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची, फायबरच्या बॉडीची छोटी गाडी इथंच बनली होती, पण ती रस्त्यावर फारशी दिसली नाही. सर्वसामान्य घरात हा प्रश्न आला तो जीपच्या वाटेनं. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी सॉफ्ट टॉप आणि हार्ड टॉप अशा दोन्ही रूपांत मिळायची. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली तेव्हा तिच्यातही दोन्ही पर्याय होते. थार बनते नाशिकला, त्यामुळे मामांच्या ओळखीत ती निघावी यात नवल नाही. २०२३ च्या जानेवारीत आलेली मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार मात्र फक्त हार्ड टॉपमध्ये आली, आणि २०२४ ची पाच दारांची थार रॉक्सही पक्क्या छताचीच आहे. म्हणून सॉफ्ट टॉपचा शोध बहुतेक वेळा जुन्या बाजारात जाऊन थांबतो.

जीपच्याच घराण्यात कापडी छत का टिकलं, त्याला कारण आहे. साध्या कारमध्ये छत, खांब, फरशी मिळून एकच पेटी असते आणि गाडीची ताकद त्या पेटीत असते. छत कापलं की पेटी ढिली पडते. मग खालून जादा पोलाद घालून ती ताठ करावी लागते, वजन वाढतं, किंमतही वाढते. थारसारख्या गाडीत खाली शिडीसारखी वेगळी चौकट असते, भार ती उचलते. शिवाय वरती रोल केज, म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत या गाडीला ४ तारे मिळाले. पण गाडी उलटली तर सांगाडा माणसाला वाचवतो तो सीटबेल्ट बांधलेल्या माणसाला. छत उघडून मागं उभं राहणाऱ्याला कुठलाही तारा वाचवत नाही.

आता मुलाच्या मुद्द्यावर येतो. तो म्हणाला, "काका, मजा वेगळीच असते." असते, मान्य. मी म्हटलं, मजेचेही तास मोजू. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. जूनमध्ये भरदुपारी इथं आपली सावली पायाखाली गोळा होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दिवसा छत उघडणारा माणूस अर्ध्या तासात ते परत लावतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. उरले ऑक्टोबर ते मार्च, त्यातही दुपार सोडून. मालव्याची रात्र मात्र खरोखर गार आणि सुखाची, 'शब-ए-मालवा' उगाच म्हणत नाहीत. पण ऑफिसला जाणारा माणूस रात्री किती वेळा फिरायला निघतो? शिवाय सिंहस्थ २०२८ च्या तयारीत इंदूर रस्ता सहापदरी करायचं काम आहे. असल्या रस्त्यावर डंपरच्या मागं उघड्या गाडीत बसून पांढरा शर्ट ऑफिसपर्यंत पांढरा राहत नाही. आम्ही कागदावर मांडलं तेव्हा आठवड्यातून फार तर दोन संध्याकाळी, तेही चार-पाच महिने, एवढंच हाती आलं. मुलगा जरा गप्प झाला.

बरं, थारचं कापडी छत हातानं सोडायचं असतं. चेन उघडा, पट्ट्या सोडा, गुंडाळून बांधा. नव्या मिनी कन्व्हर्टिबलचं छत बटण दाबल्यावर १८ सेकंदांत उघडतं, तेही गाडी हळू चालू असताना. ती सोय आणि ती किंमत वेगळी. इथं देवास नाक्याजवळ अचानक सर आली तर गाडी कडेला घेऊन भिजत भिजतच छत लावायचं.

छत बंद असतानाही फरक राहतो. ताशी ऐंशीच्या पुढं कापड फडफडतं, ट्रक शेजारून गेला की आवाज सरळ कानात. फोनवर बोलणं सोडा, शेजारच्याशीही मोठ्यानं बोलावं लागतं. एसीला उन्हाळ्यात जास्त झुंजावं लागतं, कारण कापड उष्णता फारशी अडवत नाही. आणि रात्री घराबाहेर लावायची असेल तर एक ब्लेड पुरतं. आत ठेवलेला लॅपटॉप गेला, तर नेहमीच्या मोटार विम्यात तो भरून मिळत नाही. वेगळं कव्हर घेतलेलं असलं तरच काही हाती लागतं.

विम्याची आणखी एक गोष्ट, जी घेताना कुणी सांगत नाही. दाव्याच्या वेळी रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. म्हणजे पक्क्या छताच्या गाडीची मागची काच फुटली तर तिची पूर्ण किंमत धरली जाते. सॉफ्ट टॉपची मागची प्लास्टिकची खिडकी फाटली तर निम्मा खर्च खिशातून. झिरो डेप घेतला असेल तर हा फरक बुजतो, पण जुन्या गाडीला तो मिळतोच असं नाही. पॉलिसी हातात घेऊन बघा.

एवढं होऊनही कापडीच घ्यायची असेल, आणि घरात दुसरी गाडी असेल तर खुशाल घ्या. माझी काही ना नाही. ताडोबा-पेंचला जिप्सी उघडीच हवी. घेताना मात्र हे बघा. छत बंद करून दहा मिनिटं पाइपनं पाणी मारायला सांगा आणि आत स्वतः बसा. मग पायाखालची मॅट उचला. ओल, बुरशीचा वास किंवा फरशीला गंज दिसला तर तिथंच हात जोडा. खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडलंय का, चेन अडकते का, शिवणीजवळ कापड उसवलंय का, बटणं सगळी बसतात का, हे सगळं दिवसाउजेडी तपासा. छत एकदा पूर्ण उघडून परत लावून दाखवायला सांगा. विकणाऱ्याला ते जमलं नाही तर त्यानं ते वर्षभर उघडलेलंच नाही, आणि त्यातूनही काय ते समजा.

"सॉफ्ट टॉप घेऊ, नंतर बाहेरून हार्ड टॉप बसवू," ही तिसरी वाट मुलाला सुचली होती. पुष्कळांना सुचते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथं आडवं येतं. कारखान्यानं दिलेल्या रूपात परस्पर बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसी बुकावर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. तो आणि समोरची गाडी जुळत नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. दुकानदार म्हणतो, "सगळेच करतात." दंड भरायला तो येत नाही.

महाराष्ट्रातली गाडी मध्य प्रदेशात आणणाऱ्यांनी, किंवा उलट नेणाऱ्यांनी, सौद्याआधी कागद बघावेत. मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं, त्याचा अर्ज फॉर्म २८. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवणं आलं. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो आणि तिथला रोड टॅक्सही भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, त्यासाठी वेगळा अर्ज. नाशिकची गाडी स्वस्त वाटते ती हा टॅक्स धरायच्या आधी. आमच्या कागदावर तो धरला तेव्हा स्वस्ताईतला बराचसा भाग तिथंच संपला.

मुलानं आता इंदूरच्या जुन्या बाजारात हार्ड टॉप बघायला सुरुवात केली आहे. आईला मागं बसताना पुढची सीट सरकवून चढावं लागतं, त्याचं काय करायचं, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.