घरी बांधलेलं विमान

बर्ट रुटान हा अमेरिकन माणूस मला विमानांपेक्षा त्याच्या आराखड्यांसाठी जवळचा वाटतो. १९७५ मध्ये त्याचं 'व्हॅरी-ईझी' कॅलिफोर्नियातल्या मोजावेहून उडालं. पंखाला साचा नाही. फोमचा ठोकळा घ्यायचा, दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या फर्म्या लावायच्या आणि त्यांवरून तापलेली तार फिरवायची. (युरेथेन फोमला तार लावायची नाही, विषारी वायू सुटतो.) मग वर काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी. ताण आणि दाब कापड सोसतं. हलका फोम वरचा-खालचा थर एकमेकांपासून दूर धरतो, म्हणून पंख ताठ राहतो.

हा इल्म त्याने कुलपात ठेवला नाही. आराखडे विकले, हौशी लोक गॅरेजमध्ये विमानं बांधू लागले. १९८५ मध्ये मात्र त्याने विक्री थांबवली. बांधणाऱ्याच्या चुकीसाठी आपल्यावर दावा होईल, ही धास्ती. मला ती भित्रेपणाची वाटत नाही. १९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर रुटानच्याच 'लाँग-ईझी'तून कोसळून गेला. त्या विमानात इंधनाची कळ बांधणाऱ्याने आराखड्यातली जागा सोडून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. फोमच्या पंखांचा त्यात काही दोष नव्हता.