बिशपने आणलेले ‘वटवाघूळ’

१८७८ सालच्या शरद ऋतूतील एक संध्याकाळ. अमेरिकेतील आयोवा राज्यातले सीडर रॅपिड्स गाव. बिशप मिल्टन राइट घरी परतले ते हातांत काहीतरी लपवूनच. ११ वर्षांचा विल्बर आणि ७ वर्षांचा ऑर्व्हिल पाहत असतानाच त्यांनी ती वस्तू हवेत सोडली. ती खाली पडली नाही. खोलीतून उडत जाऊन छताला थडकली, क्षणभर तिथेच फडफडली आणि मग जमिनीवर उतरली.

बूच, बांबूच्या काड्या, त्यांवर ताणलेला कागद आणि पीळ भरलेले रबर, एवढेच तिचे अवयव. मुलांनी तिला नाव दिले ‘वटवाघूळ’. असले नाजूक खेळणे मुलांच्या हाती कितीसे टिकणार? ते लवकरच मोडले. मग दोघे स्वतःच तशी खेळणी घडवू लागले. लहान खेळणी उत्तम उडत. मात्र आकार वाढवला की उड्डाण ढेपाळे. दुप्पट लांबीरुंदीच्या यंत्राला आठपट शक्ती लागते, हे गणित त्या वयात कुठून ठाऊक असणार! हिरमुसलेली पोरे पतंगांकडे वळली.

हे खेळणे ज्याच्या कल्पनेवर बेतले होते, तो आल्फोन्स पेनो तेव्हा अवघा २८ वर्षांचा होता. खुब्याच्या आजारामुळे या फ्रेंच तरुणाला आरमाराची वाट बंद झाली होती. १८७० मध्ये त्याने पिळलेल्या रबरावर चालणारे चिमुकले हेलिकॉप्टर उडवले. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याचे छोटे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, तेही न डगमगता. रहस्य शेपटात होते. पंखांच्या तुलनेत ते किंचित निराळ्या कोनात बसवल्यामुळे विमानाचे नाक झुकले, तरी आपोआप सावरे. कागदी विमान नाक खुपसून पडू लागले की मुले त्याच्या पंखांची मागची कड जराशी वर वळवतात. वाहती हवा ती कड खाली दाबते आणि नाक उचलले जाते. तत्त्व तेच.

१८७६ मध्ये पेनोने दोन माणसांना वाहून नेणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. आत घेता येणारी चाके, चालकासाठी काचेचा घुमट, सारे त्यात होते. पैसा मात्र कोणी दिला नाही. ऑक्टोबर १८८० मध्ये त्याने आपले आराखडे एका छोट्या शवपेटीत घालून आंरी जिफार या संशोधकाकडे सोपवले आणि वयाच्या ३०व्या वर्षी जीवन संपवले.

३० मे १८९९ रोजी विल्बरने स्मिथसोनियन संस्थेकडे उड्डाणविषयक साहित्य मागणारे पत्र धाडले. त्यात लहानपणी बनवलेल्या वटवाघळांचा उल्लेख आहे, आणि पेनोचे नावही.

१७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्व्हिलला घेऊन झेपावलेले यंत्र पहिल्या खेपेस १२ सेकंद हवेत राहिले. कापलेले अंतर सुमारे ३६ मीटर. त्विलरीतल्या खेळण्यापेक्षा थोडे कमीच.