फियाटची पट्टी: काढायची की ठेवायची?

आजचा भाग आर्वीच्या एका श्रोत्याच्या प्रश्नावर. घरची जुनी ‘डुक्कर फियाट’ रंगवायला काढली आहे. मुलगा म्हणतो, बाजूच्या चमकत्या पट्ट्या काढून टाकू, गाडी रेसिंगची दिसेल. आजोबा म्हणतात, हात लावायचा नाही. आणि डेंटर म्हणतो, काय ते आजच सांगा, म्हणजे भोकं बुजवून टाकतो.

मुलाचं अगदीच चूक नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत फियाट ११०० पळायच्या, आणि शर्यतीची गाडी हलकी करायची रीत जगभर जुनी आहे. पण ही पट्टी आली कुठून, ते आधी बघू.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतून दुरंगी गाड्यांची लाट आली. दोन रंग जिथे मिळतात तो सांधा झाकायला पट्टी कामाची. मग एकरंगी गाड्यांवरही ती दागिन्यासारखी चढली. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० पुढच्याच वर्षी आपल्याकडे आली. ती तयार व्हायची कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात. त्याच सुमारास सरकारी धोरणामुळे फोर्ड आणि जनरल मोटर्स इथून निघून गेल्या. गाड्या मोजक्या, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. साठच्या दशकात ‘डिलाइट’ आली, तीच १९७२ला ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ला ‘पद्मिनी’ झाली. सांगाडा जवळपास तोच. म्हणून जुन्या फियाटचं वय ओळखायचं तर जाळी, दिवे, दारं आणि पट्ट्याच बघाव्या लागतात. पट्टी गेली की तेवढा पुरावा गेला.

आता गंमत अशी, की सगळ्याच पट्ट्या कारखान्याच्या नसतात. कित्येक गाड्यांवर मालकांनी हौसेनं गॅरेजमध्ये बसवून घेतल्या. ओळखायचं कसं? पट्टी हलक्या हातानं सोडवा आणि भोकं बघा. कारखान्याच्या भोकांच्या कडेला आतपर्यंत जुना रंग सापडतो, आणि दोन्ही बाजूंची मापं जुळतात. नंतर पाडलेली भोकं बहुतेक वाकडीतिकडी, कडेला उघडा पत्रा आणि गंज. आणखी एक गोष्ट: आपल्या वर्ध्याच्या उन्हात बाहेरचा रंग विटतो, पण पट्टीखाली तो पुष्कळदा मूळचा शाबूत असतो. घासण्याआधी त्याचा फोटो घ्या.

तेव्हा पट्टी काढायलाच हवी, असं माझं मत. तिच्यामागे पावसाचं पाणी आणि माती साचते, पत्रा आतून खातो. आजोबांनी हात लावू दिला नाही, तर पाच वर्षांनी दारच राहणार नाही.

पण काढणं वेगळं, बुजवणं वेगळं. समजा पट्टी नंतरची निघाली, तरी लगेच फेकायची का? वर्धेकरांना एक गाडी आठवत असेल. जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपले होते. लोक गमतीनं तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणायचे: ऑक्स म्हणजे बैल, आणि पुढे फोर्ड. गांधीजीही तिच्यात बसले. कारखान्याच्या हिशोबानं ती बिघडवलेली गाडी. तिला कुणी ‘ओरिजिनल’ करायला घेतलं असतं, तर पहिलं जू काढलं असतं, आणि वर्ध्याला सांगण्यासारखं जे होतं तेच गेलं असतं.

म्हणून आर्वीकर, आजोबांना आधी एवढंच विचारा: पट्टी गाडीसोबत आली की तुम्ही बसवली? कुठे, कधी, का? ते रेकॉर्ड करून ठेवा. पत्र्याचा गंज काढा, पट्टी जुन्या क्लिपांसकट कापडात गुंडाळून ठेवा, आणि डेंटरला सांगा की भोकांत पुट्टी भरायची नाही. मग मुलाला वर्षभर बिनपट्टीची गाडी फिरवू दे. भोकं शाबूत असली की पट्टी पुन्हा बसते. आजोबांकडून ऐकायचं राहिलं, तर ते मात्र राहूनच जातं.

तुमच्या घरच्या गाडीवर असं काही असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.