बिनतारी वाणी : तिचा इतिहास व तिची निगा

सभेच्या शेवटच्या रांगेंत बसलेल्या वृद्ध श्रोत्यास वक्त्याचा शब्द स्पष्ट ऐकूं आला नाहीं, तर ती सभा त्याच्यापुरती भरलीच नाहीं असें आम्हीं समजतों. म्हणून ज्यास आज सर्वत्र कॉर्डलेस माईक म्हणतात त्या साधनाचा इतिहास, व असे अनेक माईक एकाच वेळीं चालविण्याची रीत, ह्या स्मरणिकेंत थोडक्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या इतिहासाच्या आरंभींच एक कॅथलिक धर्मगुरु भेटतात, ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे. ब्राझील देशांतील फादर रॉबेर्तो लांदेल द मौरा (१८६१–१९२८) ह्यांनीं ३ जून १९०० रोजीं साओ पाउलो नगरांत तारेवांचून मनुष्याचा आवाज दूरवर पोंचवून दाखविला, व १९०४ सालीं अमेरिकेंत बिनतारी दूरध्वनीचें पेटंट मिळविलें. हयातींत मात्र त्यांस फारसा आश्रय लाभला नाहीं. पुढें १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी ह्यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणी केंद्रावरून पोप अकरावे पायस ह्यांची वाणी जगभर ऐकूं गेली. परंतु हें यंत्र बोलणाऱ्याच्या अंगावर वागवितां येईल इतकें लहान होण्यास आणखी कांहीं काळ लागला. इंग्लंडांत रेज मूर्स ह्यांनीं १९४९ सालीं ब्रायटन येथें बर्फावर झालेल्या ‘अलादीन’च्या खेळांत असा माईक वापरला.

आमच्या झाडीपट्टीस ह्या शोधाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. गडचिरोलीहून पूर्वेस छत्तीसगडच्या सीमेकडे जातांना धानोरा लागतें. ह्या वनप्रदेशांत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर चालणारीं नाटकें हजारों लोक पाहतात. देसाईगंज (वडसा) हें नाटकमंडळ्यांचें मुख्य ठिकाण असून, ह्या रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तारेचा माईक जेथें बांधला तेथेंच राहतो. नटासच त्याच्यापाशीं जावें लागतें. चर्चमध्येंही तीच अडचण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचें उपासनेविषयींचें संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजीं प्रसिद्ध झालें, व लोकभाषेस आणि लोकांच्या सहभागास चालना मिळाली. तेव्हांपासून वेदीवरील एका आवाजाबरोबर वाचक, गायक व प्रार्थना सांगणारे असे अनेक कंठ ऐकूं येणें अवश्य झालें.

अनेक कंठ, तर अनेक वाटा. प्रत्येक बिनतारी माईकास स्वतःचें स्वतंत्र चॅनल लागतें, आणि येथेंच पुष्कळांची चूक होते. दोन लहरी यंत्रांत एकत्र आल्या कीं त्यांतून आणखी लहरी उपजतात. ५०० व ५००.४ मेगाहर्ट्झवर दोन माईक चालू असतील, तर ४९९.६ व ५००.८ येथें अशा भुताटकीच्या लहरी प्रकटतात. तिसरा माईक समान अंतर धरून ५००.८ वर ठेवला, तर गायिकेच्या स्वरांत खरखर शिरलीच म्हणून समजावें. म्हणून अंतरें विषम ठेवावीं, किंवा कारखान्यानें आंखून दिलेल्या एकाच गटांतील चॅनलें घ्यावीं. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावांत मोबाइल सेवेकडे गेला आहे. त्या पट्ट्यांतील जुने माईक वापरूं नयेत.

ग्राहक यंत्राचे अँटेना उंच व माईकांच्या दृष्टीसमोर असावे, कारण मनुष्याचें शरीरही लहरी शोषून घेतें. उघडे माईक दुप्पट झाले कीं शिट्टी वाजण्यापूर्वींची मोकळीक सुमारें ३ डेसिबलनें घटते; यास्तव जो बोलत नाहीं त्याचा माईक बंद ठेवावा. सेल नवे घालावे, आणि लोक येण्यापूर्वीं सर्व माईक चालू ठेवून, एक हातीं घेऊन मंडपाचा कोपरान् कोपरा फिरून पाहावा.

धानोऱ्याच्या परिसरांत गोंडी बोलणारे व मराठी बोलणारे लोक एकत्र बसतात. आयुष्यांत प्रथमच माईक हातीं घेऊन, भीत भीत आपल्या बोलींत दोन शब्द बोलणाऱ्या बाईचा आवाज खरखरींत बुडाला, तर ती पुन्हां उभी राहील असें सांगवत नाहीं. म्हणून मंडपाच्या कडेला यंत्रापाशीं बसलेल्या तरुणाचें काम लहान समजूं नये. तें नीट पार पडलें म्हणजे त्याची आठवण कोणासच होत नाहीं. ती आम्हीं येथें मुद्दाम करून देत आहों.