बारिशकर, बिन्नी आणि आमचं आभाळ

ऑगस्ट २०१९. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर ढग हुडकणारं रडार बसवलेलं, आणि चिकलठाण्याच्या विमानतळावरून एक छोटं विमान क्षारांच्या नळकांड्या पंखांना लावून उडतंय. कृत्रिम पावसासाठी राज्य सरकारनं ३० कोटी रुपये मंजूर केले होते. २०१५ सालीही हा प्रयोग याच शहरातून झाला होता. विमान गेलं की माना वर व्हायच्या आणि मग तेच प्रश्न. पडला का? कुठे पडला? आणि पडला तो विमानामुळे, की तसाही पडणारच होता?

त्या दिवसांत मला सारखा एक सिनेमा आठवायचा. अमोल पालेकरांचा 'थोडासा रुमानी हो जाए', १९९० सालचा. पटकथा चित्रा पालेकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं. गोष्ट अगदी साधी. पाऊस नसलेलं एक गाव, उकाड्यानं कावलेली माणसं, आणि बिन्नी नावाची मुलगी. दिसायला साधी, लग्नाचं वय उलटत चाललेलं, बाप आणि भाऊ काळजीत. तिच्या लग्नाचा विषय घरात पावसाच्या विषयाइतकाच रोजचा. अशात एक माणूस येऊन टपकतो. त्याचं नाव एका दमात म्हणता येत नाही, इतकं लांब. शेवटी 'धूमकेतू बारिशकर'. पैसे द्या, पाऊस पाडतो, असं म्हणतो. नाना पाटेकर हे काम असं करतात की तो थापाड्या आहे हे आपल्याला कळतं आणि तरी खिशाकडे हात जातो. बिन्नी म्हणजे अनिता कंवर, 'बुनियाद'मधली लाजोजी. पात्रं मध्येच यमकात बोलू लागतात, बोलता बोलता गाणं होतं. पहिल्यांदा पाहताना हे थोडं अवघडल्यासारखं वाटतं; मग कधीतरी आपण त्या स्वप्नाचे नियम मान्य करून टाकतो.

ही गोष्ट मूळची अमेरिकन. एन. रिचर्ड नॅश यांचं 'द रेनमेकर' हे नाटक १९५४ साली ब्रॉडवेवर आलं आणि लेखकानंच त्याला रोमँटिक कॉमेडी म्हटलं. दुष्काळावरचं नाटक, आणि रोमँटिक कॉमेडी! ऐकायला विचित्र वाटतं. आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी आणि मागे रडकी बासरी, एवढाच साचा ठरलेला. नॅशनं मात्र ओळखलं की दुष्काळ आणि लग्न या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच वर्षी अडकून पडतात. मराठवाड्यात हे कुणाला सांगायला नको. विहीर आटली की लग्नाची तारीख पुढे जाते, पोराचीही आणि पोरीचीही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा बातम्यांत वॅगन आणि लिटर मोजले गेले. मोडलेल्या सोयरिकी मोजायला कुणी गेलं नाही.

ही सांगड नॅशच्याही फार आधीची आहे. महाभारताच्या वनपर्वात ऋष्यशृंगाची कथा येते. अंग देशात पाऊस नाही. ऋष्यशृंगाला राज्यात आणलं तर पाऊस पडेल, असं राजा लोमपादाला सांगितलं जातं. पण हा तरुण रानात बापाजवळ वाढलेला, बाई कधी पाहिलेलीच नाही. त्याला आणायला गणिका जाते, आणि हा तिला तरुण तपस्वी समजतो! बाप परतल्यावर त्या 'तपस्व्या'च्या रूपाचं भाबडं वर्णन करून सांगतो. वाचताना हसू आवरत नाही. शेवटी तो अंग देशात येतो, पाऊस पडतो, राजकन्या शांतेशी त्याचं लग्न लागतं. स्वप्न, प्रेम, विनोद आणि पाऊस, सगळं एका कथेत आहे. आपल्या गावांमधली धोंडीही फार लांबची नव्हे. लिंबाचा पाला, मुसळाला बांधलेला बेडूक आणि दारोदार पाणी मागत फिरणारी पोरं: संकट खरं, आणि तरी खेळ.

खरे बारिशकरही होऊन गेलेत. चार्ल्स हॅटफिल्ड हा शिवणयंत्रं विकणारा माणूस लाकडी मनोऱ्यांवर गुप्त रसायनांचे हौद ठेवून पाऊस पाडायचा म्हणे. सॅन डिएगो शहरानं त्याच्याशी १० हजार डॉलरचा तोंडी सौदा केला. जानेवारी १९१६ मध्ये इतका पाऊस झाला की एक धरण फुटलं, माणसं वाहून गेली. हॅटफिल्ड पैसे मागायला गेला, तर शहर म्हणालं, पाऊस तुझा असेल तर नुकसानभरपाईही तूच दे. पैसे मिळाले नाहीत. पुढे १९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफरनं कोरडा बर्फ ढगात टाकून दाखवला आणि थापेचं विज्ञान झालं. अर्धवट का होईना. कारण आधी ढग लागतो. कोरड्या आभाळातून विमानही काही पाडू शकत नाही.

सिनेमाचा जीव नेमका इथेच आहे. बारिशकरलाही आधी ढग लागतो, आणि तो बिन्नीत असतो. तू साधी नाहीस, असं तो तिला पटवतो. आता हे मला आजही थोडं खटकतं. पोरीनं स्वतःला सुंदर मानावं म्हणून एका बोलघेवड्या पुरुषाचं प्रमाणपत्र कशाला? पण मूळ नाटकात लिझी या माणसाबरोबर पळून जात नाही. त्यानं दिलेला विश्वास ठेवून घेते आणि गावातल्याच, पायांवर उभ्या असलेल्या माणसाची निवड करते. स्वप्न घ्यायचं आणि स्वप्न विकणाऱ्याला वाटेला लावायचं, हे रोमँटिक कॉमेडीलाच जमतं. शोकांतिकेत ती फसली असती. निव्वळ वास्तववादी सिनेमात तो पहिल्या दहा मिनिटांत पोलिसांच्या हाती लागला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

नाटकाच्या शेवटी खरंच पाऊस येतो. सगळ्यांत जास्त चकित होतो तो पाऊस पाडणाराच. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं म्हणणं खरं ठरलेलं असतं. जाता जाता परत केलेले पैसे घ्यायला तो धावत मागे येतो.

पालेकरांच्या सिनेमातही शेवटी सरी कोसळतात, लोक भिजतात, नाचतात. मी तो शेवट मोबाईलवर दोनदा मागे नेऊन पाहिला. सिनेमातला पाऊस बहुतेक वेळा टँकरचाच असतो, हे माहीत असूनही. आमच्याकडे टँकर आला की लोक नाचत नाहीत, घागरी घेऊन पळतात.