बेसिक भाषेतील बाइटसंचांचे संख्यारूपांतर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९६४ मध्ये जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही संगणकभाषा विकसित केली. विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यामागील हेतू होता. १९७५ मध्ये बिल गेट्स, पॉल ॲलन व मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर ८८०० या सूक्ष्मसंगणकासाठी बेसिकची आवृत्ती लिहिली. तिच्यातील अपूर्णांकी गणिताचा भाग डेव्हिडॉफ यांचा होता. अशा संख्या साठविण्याचा मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र संकेत त्यातूनच रूढ झाला. प्रस्तुत लेखात या संकेताच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

रूपांतराची गरज :
मायक्रोसॉफ्ट बेसिकच्या डिस्क आवृत्त्यांत रॅन्डम फाइलमधील नोंदी ठरावीक लांबीच्या असत व त्यांतील रकाने अक्षरमालिका म्हणूनच हाताळले जात. त्यामुळे 'एमकेआय', 'एमकेएस' व 'एमकेडी' या फंक्शनांनी संख्येची अनुक्रमे २, ४ व ८ बाइटांची मालिका केली जाई. वाचताना 'सीव्हीआय', 'सीव्हीएस' व 'सीव्हीडी' ही फंक्शने तिचे पुन्हा संख्येत रूपांतर करीत. हे वाचन अंकवाचनाहून भिन्न होते. ४९ व ५० हे बाइट अक्षररूपात '१२' दर्शवितात. 'व्हॅल' या फंक्शनने त्यांची किंमत १२ येते. 'सीव्हीआय'ने मात्र ४९ + (५० × २५६), म्हणजे १२८४९ येते.

संकेतबदल व त्याचे परिणाम :
१९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक प्रसिद्ध झाले व १९८७ च्या क्विकबेसिक ४.० ने ते स्वीकारले. पूर्णांकांना बाधा आली नाही. अपूर्णांकी संख्यांच्या जुन्या फाइलींचा अर्थ मात्र पालटला. जुन्या संकेतात १ ही संख्या ०, ०, ०, १२९ अशी साठविली जाई. तेच बाइट नव्या मानकाने वाचल्यास दशांशचिन्हानंतर ३७ शून्ये असलेली ऋण संख्या मिळते. ती वैध संख्याच असल्याने चूक सहज लक्षात येत नाही. यासाठी 'सीव्हीएसएमबीएफ' व 'सीव्हीडीएमबीएफ' ही जुना संकेत वाचणारी फंक्शने पुरविण्यात आली. तथापि, ८ बाइटांच्या जुन्या संख्येत ५६ सार्थ बिट, तर नव्या मानकात ५३ असल्याने अखेरचे तीन बिट गमावण्याची शक्यता उरलीच.

निष्कर्ष :
बाइट स्वतः अर्थ सांगत नाहीत. अर्थ संकेताने ठरतो. म्हणून फाइलींबरोबर त्यांच्या संकेतांचेही जतन आवश्यक ठरते. जीडब्ल्यू-बेसिकची १९८३ ची मूळ आज्ञावली मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये खुली केली. त्यामुळे जुना संकेत मुळातून पडताळण्याचे साधन अभ्यासकांना उपलब्ध झाले आहे.